अकरा पानं राहिली

सकाळी सातला शुभांगीचा, म्हणजे तात्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, तात्या उठत नाहीयेत... तुम्ही या," एवढंच ती म्हणाली. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी निघालो. आमच्या घरापासून त्यांचं घर दोन गल्ल्यांवर. भिंगारच्या बाजारात दुकानांची शटरं वर जात होती, कुणीतरी "अहो, काय झालं?" म्हणून विचारलं, मी वळूनही पाहिलं नाही. पोचलो तोवर डॉक्टर निघाले होते. झोपेतच हृदय थांबलं, म्हणाले. जमलेली माणसं म्हणत होती, काय भाग्याचं मरण! मी मात्र उंबऱ्यातच अडकलो. कारण आदल्या दिवशी दुपारी मी या माणसाला एक गोष्ट कबूल केली होती आणि ती ऐकताना त्यांचे हात थरथरत होते. माझ्यामुळं तर गेले नसतील ना? सहा आठवडे झाले, हा प्रश्न मला सुखानं जेवू देत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

तात्या कथालेखक होते हे या पुरवणीच्या वाचकांना सांगायला नको. मूळचे राहात्याकडच्या शेतकरी घरातले, भिंगारला लष्करी खात्यात कारकून म्हणून लागले आणि इथलेच होऊन गेले. दरवर्षी डिसेंबर अखेरीस याच पुरवणीत त्यांचा लेख यायचा, वर्षभरात वाचलेल्या आवडत्या पुस्तकांचा. लोक वाट बघायचे. गावोगावचे ग्रंथपाल ती यादी कापून ठेवायचे, आणि नव्या लेखकाचं नाव तिच्यात आलं की त्याला चार लोक ओळखायला लागायचे. तात्यांचा नियम एकच. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय त्याबद्दल बरं-वाईट एक अक्षर लिहायचं नाही. मलपृष्ठ चाळून कौतुक करणाऱ्यांना ते भर सभेत झापायचे. एकदा एका अध्यक्षांना त्यांनी व्यासपीठावरच विचारलं होतं, "तुम्ही वाखाणताय ते पुस्तक संपतं कुठं, तेवढं सांगा!" त्यानंतर त्यांना सभांची बोलावणी कमी झाली, पण त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

दीड वर्षापूर्वी साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. आधी अक्षरं धूसर झाली, मग ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग माणसाची नुसती सावली. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. शुभांगीला ठाऊक होतं आणि मला. "लेखकाचे डोळे गेले म्हटलं की लोक सत्कार करायला धावतात, सदा. मला नको ती कटकट," म्हणाले. मी सुप्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो, निवृत्त झालेला, बायको मागेच गेलेली, वेळच वेळ. रोज दुपारी दोन ते चार मी त्यांना वाचून दाखवायचं असं ठरलं. ते लोखंडी पलंगावर मांडी घालून बसायचे, डोळे मिटून, आणि मी खिडकीपाशी खुर्चीत. माझा स्वभाव उतावळा. लांबलचक वर्णन आलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा, "अहो, हा बाबा एका झाडावर तीन पानं लिहितोय!" ते म्हणायचे, "तू वाच. त्याच्या झाडाचं मी बघतो."

ऑगस्टमध्ये मंगलची कादंबरी आली. पुस्तकाचं नाव देत नाही, मंगल हे नावही बदललेलं आहे, का ते पुढं कळेल. ही पोरगी पाथर्डीकडची, आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ती आता सुप्यात एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पहिलंच पुस्तक. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "सर, माझ्या आईचं आहे. वाचून खरं खरं सांगा." तात्यांना पहिल्या दिवसापासून ती भाषा आवडली. कोपीतली, म्हणजे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीतली चूल, बैलगाडीतली झोप, आईच्या हाताला उसाच्या पाल्यानं पडलेल्या चिरा... ते मधेच मला थांबवून म्हणायचे, "परत वाच ते." सातवं प्रकरण संपलं त्या दिवशी अडीच वाजले होते आणि भारताची मॅच सुरू होणार होती. आता सांगायला जीभ रेटत नाही, पण खरं तेच आहे. मला मॅच बघायची होती. पुढची दोन प्रकरणं, पान एकशे बहात्तर ते दोनशे तीन, मी एका चिमटीत धरून उलटली आणि दहावं वाचायला घेतलं. बत्तीस पानांनी काय बिघडतंय, असं वाटलं. दोन दिवसांत संपायचं पुस्तक त्याच दुपारी साडेतीनला संपवलं आणि घरी येऊन टीव्हीसमोर बसलो.

दहाव्या प्रकरणात ती मुलगी आणि बाप दोघंच गावाकडं परत येतात. तात्यांनी डोळे उघडले. "सदा, आई कुठंय?"

"येईल पुढं," मी म्हणालो.

ती पुढं आलीच नाही. पुस्तक संपल्यावर तात्या म्हणाले, "पोरगी कच्ची निघाली. एवढी आई उभी केली आणि वाऱ्यावर सोडून दिली. मेली म्हणावं, पळाली म्हणावं, काहीतरी म्हणावं की!" तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मला त्यांच्या रागाची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर माझी ही दुपारची खुर्ची जाईल याची जास्त. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग दिवाळीनंतर सांगू म्हटलं. आणि डिसेंबर आला. तात्यांनी लेख सांगितला, मी लिहून घेतला. सहा पुस्तकं. शेवटी एक वाक्य होतं, एका नव्या लेखिकेनं स्वतःची आईच कादंबरीत अर्ध्यावर टाकून दिली, इतकी घाई लेखनात बरी नव्हे. नाव नव्हतं, पण यंदा ऊसतोडीवर दुसरी कुणाची कादंबरी आली होती? हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं. पेन जड झालं होतं नुसतं.

शेवटच्या दुपारी ते म्हणाले, "एकदा सगळं वाचून दाखव, उद्या सकाळी शुभांगी फोटो काढून पाठवेल." मी वाचत त्या वाक्यापाशी आलो आणि तिथंच थांबलो.

"काय झालं? अडलास का?"

"तात्या, तिनं आई टाकली नाही. मी टाकली."

सगळं सांगितलं. मॅचसकट. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. हात थरथरायला लागले, त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. मला वाटलं आता हाकलतील. मी उठायच्या तयारीतच होतो.

"मॅच बघायची होती तर सांगायचंस ना गाढवा," ते हळू आवाजात म्हणाले, "मीही ऐकली असती." आणि मग आवाज चढला. "माझे डोळे म्हणून तुला ठेवलं होतं रे! जन्मभर लोकांना शिव्या घातल्या, न वाचता बोलता म्हणून. आणि आज माझ्या नावावर हे... त्या पोरीनं काय वाकडं केलं होतं तुझं?"

मग ते म्हणाले, "पुस्तक काढ. एकशे बहात्तर."

मी वाचायला लागलो. इतकं जपून मी आयुष्यात काही वाचलं नसेल. तात्या पुढं वाकून ऐकत होते, एकदाही "परत वाच" म्हणाले नाहीत. चार वाजून गेले, शुभांगी चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. एकशे ब्याण्णवचं पान संपलं तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला. "दमलो बघ. उरलेलं उद्या." मी विचारलं, "मग यादीत घालू?" तर म्हणाले, "ते वाक्य खोड. पण यादीत आत्ता नको. शेवट ऐकू दे आधी." दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "सदा, उद्या दोनला नको. सकाळीच ये."

सकाळी मी गेलो, ते असं.

ते वाक्य मी खोडलं आणि लेख सहा पुस्तकांसकट छापून आला. सातवं मी घालू शकलो असतो, कुणाला कळलं नसतं. पण त्यांच्या नावावर आणखी एक खोटं लिहायची हिंमत झाली नाही. म्हणजे माझ्या एका मॅचपायी पोरीचं नाव यादीत यायचं कायमचं राहून गेलं. तात्या आता दुसरी यादी लिहिणार नाहीत.

तीन आठवड्यांनी, सुटीच्या दिवशी, मंगल भेटायला आली. शुभांगीनं तिला तात्यांच्या खोलीत बसवलं आणि मला बोलावून घेतलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, पुरवणीत नाव घालून लिहितो, तुझं पुस्तक कसं राहिलं ते. ती फटकन म्हणाली, "नाव नका घालू. लोक कीव करून इकत घेत्याल. तसलं नको मला." मग तिनंच विचारलं.

"कुठवर आल्ते सर?"

मी पुस्तक उघडून पान दाखवलं. ट्रॅक्टरची ट्रॉली अर्धी भरलीय आणि आई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून वर चढतेय. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजे हितवर आई हाय."

"आहे."

"पुढल्या पानावर पडती ती." तिचा आवाज बसला. "बरं झालं काका. सरांपुरती तरी ऱ्हायली ती जित्ती."

तात्या गेले त्या दिवशी मी रडलो नव्हतो. तिथं मात्र त्या पोरीसमोर, सत्तरीचा माणूस, हमसून हमसून रडलो. तिनं रडू दिलं. शेवटी तिनं विचारलं, "तुमी वाचली का ती अकरा पानं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तात्यांशिवाय ते पान उलटायचा धीरच झाला नव्हता.

"मग बसा," ती म्हणाली. मी पलंगाच्या कडेवर टेकलो. तिनं माझी खुर्ची ओढून घेतली, पान उलटलं. "मी वाचते. पर मधी उठायचं न्हाई, सांगून ठेवते."

मी उठलो नाही.