तांब्याभर पाण्याची परीक्षा

डोंगरावरच्या, गावाच्या मालकीच्या झाडीतली माती ठेकेदाराने विकली आणि गावाला फसवलं. त्याच्या ट्रॉल्यांना माझ्या रानातून वाट मी दिली. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला शिकवायला कोणी यायला नको.

मी बैलबाजारात दलाली करून वर आलो. जनावराचे दात बघून वय सांगायचो, आणि जमिनीचीही तशीच पारख करायचो. जामखेडकडे, डोंगराच्या पायथ्याला, हे रान बघायला गेलो तेव्हा पितळी तांब्या बरोबर नेला होता. काळ्या पट्ट्यात पाणी ओतलं. ते आधी भेगांत शिरलं, मग वरची माती फुगली आणि उरलेलं तसंच साचून राहिलं. मुरमाड पट्ट्यात ओतलं तर चाळणीत ओतल्यासारखं गेलं. थोड्या वेळाने उकरलं तर ओल नावालाच. एवढ्या निकस रानातली विहीर वैशाखातही कशी भरलेली, हे मला कळेना.

जमीन विकणारा म्हातारा मला वर झाडीत घेऊन गेला. धावड्याच्या सावलीत त्याने पाला सारला. खाली काळी, भुसभुशीत माती होती, बारीक मुळ्यांनी विणलेली, किड्यामुंग्यांनी पोखरलेली. तांब्या पालथा केला तर पाणी बघता बघता जिरलं. मूठभर माती आवळली, तिचा गोळा झाला, पण थेंब गळाला नाही.

"पावनं, हिरीतलं पानी माज्या रानाचं न्हाई," म्हातारा म्हणाला. "ह्या झाडीचं हाय. ही माती घटाघटा पिती आन थेंब थेंब सोडती."

"मग पाण्याचे पैसे तुम्ही कशाला मागताय?" मी म्हणालो.

म्हातारा हसला आणि भाव उतरवला. त्याचं शहाणपण मी भाव पाडायला वापरलं, आणि पुढे विसरूनही गेलो. लिंबाची बाग लावली. विहिरीने कधी दगा दिला नाही.

काही वर्षांनी पाणी अडवायला डोंगरावर चर खणायचं सरकारी काम निघालं. चरातली माती खालच्या अंगाला रचायची, त्यावर रोपं लावायची, असा कागद होता. ठेकेदार माझ्याकडे आला, कारण ट्रॉली जाईल अशी वाट माझ्या रानातूनच होती. त्याची नड मी ओळखली. पैसे नकोत म्हणालो. मला बागेला ती झाडीतली माती हवी होती. बैलबाजारातल्यासारखे उपरण्याखाली हात धरले. एक बोट म्हणजे दहा ट्रॉल्या. तो दोन बोटं धरायचा, मी त्याची पाचही आवळून बसलो. शेवटी पाचावर सौदा ठरला. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"वरची माती खाली आनताय," बायको म्हणाली, "मग वर काय ऱ्हानार?"

तुला धंद्यातलं कळत नाही, म्हणालो. चर खणतात त्यातली माती, एवढाच माझा हिशेब होता.

त्याने चर खणलेच, पण त्याबरोबर सगळा उतार खरवडला. वीतभर काळी माती रोपवाटिकांना गेली. झाडं मुळं उघडी पडून वाळली. नवी रोपं त्याने नुसत्या मुरमात खोचली. मला माझ्या पन्नास ट्रॉल्या मात्र चोख मिळाल्या. त्या बाबतीत माणूस शब्दाला पक्का निघाला.

पुढच्या पावसाळ्यात सर पडली की डोंगरावरून गढूळ लोंढे त्याच तासाला खाली यायला लागले. बांध फुटला. विहीर काठोकाठ भरली, तेव्हा मी खुळ्यासारखा खूश झालो. पण वरून झिरपणारं पाणी बंद झालं होतं. दिवाळीला विहीर अर्ध्यावर आली, संक्रांतीला तळ दिसला. लिंबाची पानं वळली. बुंध्यांशी गावातली सगळ्यात चांगली माती पसरलेली, आणि ती चहाच्या भुकटीसारखी कोरडी. धरून ठेवायला पाणीच नाही तर माती काय धरणार?

चहाच्या टपरीवर मी ठेकेदाराची गचांडी धरली. त्याने सोडवून घ्यायची धडपडही केली नाही.

"दादा, पन्नास ट्रॉल्या कुनी नेल्या?" हळूच म्हणाला.

माझा हात सुटला. विहिरीपेक्षा ते वाक्य मला जास्त सलतं.

ग्रामसभेत कामावरचा साहेब कागद वाचून गेला. चर पूर्ण, रोपं पूर्ण, काम समाधानकारक, खाली त्याची सही. वर माती किती उरली ते कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. त्याचा रकाना नसतो, म्हणाला आणि गाडीत बसला. लोक माझ्याकडे बघत होते. उपरण्याखालचा सौदा तोवर गावभर झाला होता.

माझी चूक मी इथे लिहून दिली आहे. बाग अर्धी तोडली, तीही कबुलीच समजा. आता ज्याने सही केली त्याने यावं. तांब्या मी देतो, पाणी टँकरचं देतो. डोंगरावर जिथे म्हणेल तिथे ओतावं, आणि ते खाली वाहून गेलं की गावासमोर उभं राहून सांगावं, समाधान झालं ते कुणाचं?