नम्रतेचं विसावं पाऊल

आमच्या हॉलच्या बरोबर मधोमध एक खांब आहे. तो तिथं कोणत्या शहाण्यानं उभा केला ते कोणी सांगत नाही, पण लग्नाला हा हॉल घेतला तर अर्ध्या वऱ्हाडाला नवरदेव दिसतो आणि अर्ध्याला नवरी. अकोल्याच्या जुन्या शहरातला हा हॉल संध्याकाळी रिकामा असतो, म्हणून आमचा तायक्वांदोचा क्लब तिथं भरतो. क्लब म्हणजे वीसेक पोरंपोरी, एक सर आणि मी. माझं वय शेहेचाळीस, सरकारी कचेरीत बावीस वर्षं एकाच टेबलाला चिकटलेली. मुलीला सोडायला जायची. मुलगी दोन महिन्यांत कंटाळली आणि मी पांढरा ड्रेस घेऊन रांगेत उभी राहिले.

“या वयात लाथा कोणाले मारणार हायेस?” नवऱ्यानं विचारलं. उमेदवार समोरच उभा होता.

तायक्वांदोत पॅटर्न असतात. म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूशी ठरलेल्या क्रमानं केलेली मारामारी. प्रत्येक पॅटर्नला नाव असतं, हालचालींचा आकडा असतो आणि अर्थ असतो. पट्ट्याच्या परीक्षेत हा अर्थ तोंडी विचारतात. पहिला पॅटर्न चॉन-जी, म्हणजे आकाश आणि पृथ्वी. हालचाली एकोणीस. जिथून निघालात तिथंच परत यायचं.

आमच्याकडे घोडं खांबाशी अडलं. पुढे पाऊल टाकून ठोसा मारायचा, तर मधल्या ओळीतल्या पोरांचा ठोसा थेट सिमेंटला. सरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी एक नवीन पाऊल शिकवलं. डावीकडे सरकायचं, मान किंचित खाली घालायची आणि मग पुढे जायचं. सगळं एकसारखं दिसावं म्हणून ज्यांच्यासमोर खांब नव्हता त्यांनीही ते करायचं. शेवटी सगळे जण सुरुवातीच्या जागेपासून हातभर डावीकडे पोचायचे.

“सर, या पावलाचा अर्थ काय?” मी विचारलं.

सर एका खाजगी शाळेत पीटी शिकवतात. उत्तर माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नाही. “नम्रता,” ते म्हणाले. “आकाश आन् पृथ्वी मोठे हायेत, त्याईच्यापुढं वाकाव लागते. मॅडम, तुमी प्रश्न भल्ले विचारता.”

घरी येऊन मी या नम्रतेवर पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ते पाऊल करून दाखवलं. साहेबांच्या केबिनसमोर दाखवलं तेव्हा तर सगळ्यांना फारच पटलं.

मग परीक्षा आली, अमरावतीला. तिथला हॉल मोठा, मोकळा, एकही खांब नाही. आमच्या वीस जणांनी एका दमात पॅटर्न सुरू केला आणि ठरल्या जागी सगळे मान खाली घालून, नसलेल्या खांबाला वळसा घालून पुढे गेले. परीक्षक तिथले मोठे सर. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे विसावं पाऊल कुठलं? मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगा.”

मला तो पिवळा पट्टा हवा होता. ऑफिसात सांगून ठेवलं होतं, नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, फोटो भिंतीवर कुठं लावायचा ती जागासुद्धा पुसून ठेवली होती. वर्षभर ज्या अर्थावर हसले, तोच मी हात पाठीमागे बांधून गंभीरपणे सांगितला. “सर, नम्रता.”

“वा!” मोठे सर म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी माझ्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीला तोच प्रश्न विचारला. तिच्या वडलांचं जुन्या शहरात गाद्या भरायचं दुकान आहे. पोरगी क्लबात सगळ्यांत चपळ.

“तठी खांब हाये, सर,” ती म्हणाली.

हॉल हसला. मोठे सर हसले नाहीत. मला पट्टा मिळाला आणि ती ‘उद्धट’ म्हणून नापास झाली. आमचे सर बुटांच्या नाड्या बांधत बसले आणि मी नवा पट्टा बांधून फोटोला उभी राहिले.

चार महिन्यांनी तिची परीक्षा परत होती. वडलांना दुकान सोडता येईना, म्हणून मी तिला घेऊन गेले. हा माझा चांगुलपणा नव्हता, मला लाज वाटत होती. अमरावतीत पोचलो तर मोठ्या सरांचीच पोरं चॉन-जी करत होती. मोकळ्या हॉलमध्ये, खांब नसताना, तीस पोरं डावीकडे सरकली आणि त्यांनी मान खाली घातली.

मग हिची पाळी आली. तिनं एकोणीस हालचाली केल्या आणि निघाली होती त्याच फरशीवर येऊन उभी राहिली.

“नम्रतेचं पाऊल कुठं आहे?” मोठ्या सरांनी विचारलं.

मी उभी राहिले. “सर, तिचं बरोबर आहे. आमच्या हॉलमध्ये खरंच खांब आहे. नम्रता वगैरे काही नाही.”

त्यांनी वही चाळली. “अर्थ तुम्हीच सांगितला होता, मॅडम. त्यावर तुम्हाला पट्टा दिलाय. तो परत घ्यायचा का?”

एवढंच विचारलं. आणि मी, ऑफिसात साहेबांच्या नकला करणारी, खाली बसले. पोरगी दुसऱ्यांदा नापास झाली. परतीच्या एसटीत ती मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मी घेतलेले फुटाणे तिनं खाल्ले नाहीत.

सोमवारी मी कपाटातून जुना पांढरा पट्टा काढला आणि तो बांधून मधल्या ओळीत तिच्या शेजारी, खांबासमोर जाऊन उभी राहिले.

“पिवळा इसरल्या का, मॅडम?” सरांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “एकोणीसचा शिकायचा राहिलाय.”

सरांनी मोजणी सुरू केली. माझं पाऊल पुढे पडलं, ठोसा निघाला आणि बोटांची सालटं निघाली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. एसटीनंतर ती पहिल्यांदाच बोलली.

“आंटी, मांगच्या खुर्च्या जराश्या सरकवा आन् एक पाऊल मांग उभ्या ऱ्हा. मंग खांब लागतच नाई.”

मागे पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्या होत्या. त्या सरकवायचं इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्या मागच्या दोन खुर्च्या मात्र आधीच सरकलेल्या होत्या.