साताऱ्याचं रक्त, सांगलीचं रक्त

नव्वद सालानंतरची ती दिवाळी मला धुक्यातून दिसावी तशी आठवते. त्याआधी पावसाळ्यात नवरा सुट्टी संपवून पलटणीत परतला आणि आठवड्याभरात मला मांडीच्या सांध्यात जळजळणारे फोड उठले. साताऱ्यात, सासरी, लगेच हर्पीससाठी, म्हणजे संगातून लागणाऱ्या त्या रोगासाठी, रक्त तपासलं, काहीच निघालं नाही. दिवाळीला माहेरी, सांगलीत, पुन्हा तपासलं, तर निघालं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लागण झाल्यावर रक्तात खूण उमटायला काही आठवडे लागतात. पहिली तपासणी फार लवकर झाली. आणि ही खूण कधीची, कुणाकडून, ते कुठलीच तपासणी सांगत नाही.

परतीच्या एस्टीत डोळे मिटत होते. बाहेर उसाचे तुरे पाण्यावर तरंगावेत तसे हलत होते. वाटलं, माझं रक्त दोन गावांच्या मधे कुठंतरी अजून वाहतंय.

"आमच्यात व्हतीस तवा न्हवतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हायेरातनं आणलंस."

सगळं समजावून सांगितलं, तरी तेच. मग मी खवळले. "आवं आत्या, आता तुमच्या लेकाचंबी रक्त तपासा की!"

भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो होता.  सासूबाई उठल्या आणि पदरानं तो लख्ख पुसला.