पंचशीलाबाईचा पलंग

लातुरात जून लागला की रिक्षांच्या टपावर गाद्या दिसू लागतात. भोकरपासून देवणीपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि त्यांच्यासाठी खोल्याखोल्यांतून पलंग उभे राहतात. हल्लीचा पलंग मात्र चार पायांवर येत नाही. तो खोक्यात घालून, फळ्या-फळ्या होऊन येतो. त्याला उभं करणारं माणूस लागतं. गौरम्माबाईच्या होस्टेलवर ते माणूस म्हणजे पंचशीला सोनकांबळे.

किशनराव आपल्या दिपालीला घेऊन पोचला तेव्हा खोकं अजून बंद होतं. दुसऱ्या दिवशी पोरीचा क्लास सुरू होणार होता आणि त्याला चारच्या गाडीनं गावी परतायचं होतं. त्यानं खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. चित्रातल्या पलंगाच्या उशाला पुस्तकांचं उंच कपाट होतं.

"पोरगी ह्याच्याखाली झोपणार न्हाई," तो म्हणाला. "चल गं, परत जाऊ."

"अवो, वीस पोरी झोपतेत की!" गौरम्माबाई म्हणाली.

"झोपू द्या."

दिपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कारण तिला ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची आत्या झोपेतच गेली. भिंत नंतर पडली. आधी उशाच्या फळीवरचा तांब्याचा हंडा आत्याच्या डोक्यावर आला होता. किशनरावानं तो आवाज ऐकला होता. तेव्हापासून त्याच्या घरात झोपायच्या जागी गुडघ्याच्या वर काही ठेवत नसत. डबे जमिनीवर, कपडे पेटीत, देवसुद्धा पाटावर. किशनरावच्या उंदराला उडी मारायची गरजच न्हाई, असं म्हणून गाव हसायचं. त्या घरातून पोर लातूरला निघाली होती, आणि आता एका कपाटापायी तिचं वर्ष जायची वेळ आली होती.

पंचशीला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. चाळिशीची, काटक बाई. पदर कमरेला खोचलेला. तिनं का, कसं, काही विचारलं नाही.

"भाऊ, पाऊण घंटा बसा," ती म्हणाली. "मग जायचं तर खुशाल जावा."

तिनं खोकं फाडलं नाही, कडेनं कापून चटईसारखं फरशीवर पसरलं, म्हणजे फळीची कड झडायला नको. सोबत आलेला कागद एकदाच वरून खाली वाचला आणि बाजूला ठेवला. फळ्या भिंतीला टेकवल्या, त्याही उभ्या राहायच्या क्रमानं. नट-बोल्ट जातीजातीनं तीन ताटल्यांत पडले. मग तिचे हात चालू लागले. लाकडी खुंटी भोकात, फळी खुंटीवर, बोल्ट बोटांनी दोन फेरे. पुढची फळी. पुन्हा दोन फेरे. पेरणीच्या वेळी तिफणीमागून बी सोडणाऱ्या बाईचा हात असा चालतो; बघणाऱ्याला वाटतं हात हलतच नाही, आणि मागं जमिनीतलं तास बियानं भरत जातं.

किशनराव बसला होता तो नकळत पुढं सरकला. वीस मिनिटांत पलंगाचा सांगाडा उभा होता, पण लटपटत होता.

"ह्ये तर डुलायलंय, बाई!"

"डुलू द्या. आधी सगळं ढिल्लं ठेवायचं असतंय. पहिलाच बोल्ट आवळला की शेवटचा भोकात जात न्हाई." ती कोपऱ्याला कोपरा धरून, आडवं-तिरपं आवळत निघाली. "शिरूर अनंतपाळचा माझा बाप भूकंपानंतर पत्र्याचे शेड उभे करायच्या कामावर व्हता. मी पंधराची. परकराच्या वट्यात नट घेऊन त्याच्या मागं. तो म्हणायचा, लोकं रडून थकलेत, आज रातच्याला त्यांच्यावर छत पायजे. दिवसाला चार शेड करायचो आमी."

किशनराव तशाच एका शेडमध्ये तीन वर्षं राहिला होता. पत्रा उन्हात तापायचा, थंडीत गारठायचा. पण त्याच्या आईला त्या पत्र्याखाली पहिल्यांदा झोप लागली होती. असे शेड कुणीतरी उभे केले असतील, त्या बोल्टांवर कुणा पोरीचे हात फिरले असतील, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला.

उशाचं कपाट तिनं पलंगाला जोडलंच नाही. रिकाम्या भोकांवर टोपणं दाबली. कपाट वेगळं उभं केलं आणि उचलून पलंगाच्या पायथ्याशी पाठीवर निजवलं. त्याची पेटी झाली, गुडघ्याइतकी. पुस्तकं त्यात उभी राहतील अशी. मग छताकडे बघून तिनं पलंग पंख्याखालून हातभर भिंतीकडं सरकवला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किशनरावालाही अजून सुचलं नव्हतं.

"हालवून बघा."

किशनरावानं बैल आवरणाऱ्या दोन्ही हातांनी पलंग गदगदा हलवला. कुरकूर नाही.

"असंच राहील का वो?" त्यानं विचारलं.

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "ढिल्लं व्हतंयच. माणूस झोपतंय, उठतंय. महिन्याला एकदा आवळावं लागतंय."

किशनरावाचा चेहरा पुन्हा पडला. "मग मी गावाकडं, आन हितं कोण...?"

पंचशीलानं खोक्यातून आलेली बोल्ट आवळायची वाकडी किल्ली दिपालीच्या हातात दिली. एक बोल्ट मुद्दाम दोन फेरे सैल केला. "घे बाई. हाताला अडकलं की थांब. जास्ती जोर लावशील तर भोक खाशील, मग बोल्ट बसायचा न्हाई."

दिपाली गुडघ्यावर बसली. पहिल्या फेऱ्याला किल्ली निसटली. दुसऱ्याला बसली. पोरगी ओठ दाबून फिरवत राहिली, अडकल्यावर थांबली. मग उठून तिनं पलंग बापासारखाच गदगदा हलवला, वाकून चारही कोपऱ्यांवर हात फिरवला.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी जावा. गाडी चुकंल."

किशनरावानं एकदा पलंगाकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. मग पंचशीलाला हात जोडले आणि जिना उतरू लागला.