नुसत्या गप्पांचा पगार

झरीच्या मावशीइतकं मला आजवर कुणी तुच्छ लेखलेलं नाही. दर बुधवारी मी परभणीहून झरीच्या दवाखान्यात समुपदेशनाला बसायचे. शेळ्या सुनेवर सोपवून ती यायची, खुर्ची सोडून दाराशी उकिडवी बसायची आणि बाजारात मरतुकडं करडू पाहावं तशी माझ्याकडे पाहायची. "सुई न्हाई, गोळी न्हाई. नुसत्या गप्पांचा पगार घेतीस?" हे तिचं पहिलंच वाक्य.

जिंतूरला लेकीकडे जाताना भरल्या एसटीत एकदा तिची छाती धडधडली, घसा सुकला, हातपाय गार पडले. आता मेलेच, असं वाटून ती मध्येच उतरली. डॉक्टरांनी तपासलं, काळीज ठणठणीत निघालं. पण तेव्हापासून गाडी नुसती दिसली तरी धडधड सुरू. लेकीला मुलगी झाली, ती चालायलाही लागली, पण मावशीनं नात पाहिली नव्हती.

छाती धडधडते तेव्हा मनात काय येतं, मी विचारलं. ती म्हणाली, मेले. असं किती वेळा झालं? लय येळा.

"मग त्यातल्या किती वेळा मेलात, मावशी?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "हे इचारायला बापानं शिकवलं व्हय तुला?"

तरी पुढच्या बुधवारी आली. मी अभ्यास दिला: आधी थांबलेल्या गाडीत नुसतं बसायचं, मग एक थांबा जायचं, मग जिंतूरच्या वाटेवरल्या बोरीपर्यंत. धडधडलं तरी उतरायचं नाही, ओसरेपर्यंत बसून राहायचं आणि जगलो याची नोंद ठेवायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दर खेपेला ती सुतळीला एक गाठ मारी आणि ती सुतळी माझ्या टेबलावर फेकी: "मोज." एकदा बोरीच्या अलीकडेच उतरून उन्हातून चालत परतली आणि माझ्या शिक्षणाचा सगळ्यांदेखत उद्धार केला. मी म्हटलं, उद्या पुन्हा जा. ही आता काही येत नाही, असं वाटून मला मनातून बरंच वाटलं. तिची नजर झोंबायची.

ती गेली, बोरी ओलांडून थेट जिंतूरला. आठ दिवस राहिली.

परतल्यावर शेवटची भेटायला आली. वाटेत धडधडलं का, मी विचारलं.

"धडधडलं की. धडधडू दिलं. किती येळ धडधडंल ते बी?"

नात आधी तिला पाहून रडली, दुसऱ्या दिवशी पदराला लोंबकळली. एवढं सांगताना मात्र तिचा आवाज मऊ झाला. लगेच सावरून ती उठली.

"तुज्या बोलण्यानं न्हाई बरं वाटलं मला. मी गेले म्हनून वाटलं."

माझ्या पुस्तकांतही हेच लिहिलं आहे, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.