ओळीतल्या माणसालाच बोलतात

काकीच्या पदराला आग लागली तेव्हा माझ्या हातात तापमापकाची तार होती. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होता. इतरांनाही तो ठाऊक असल्याचे समजायला मला दोन महिने लागले.

शहापूर तालुक्यात, शेणव्यापासून थोडे आत आमचे गाव आहे. आई लवकर गेली, वडील भातसानगरला धरणावर नोकरीला, त्यामुळे मी काका-काकींच्या घरी वाढले. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून त्या उन्हाळ्यात मी संशोधनाचा प्रस्ताव लिहीत होते. विषय घरचाच होता. भाताची रोपे जिथे वाढवायची त्या तुकड्यावर आमच्याकडे शेण, वाळक्या फांद्या, पानांचा पातेरा पसरतात, वर बारीक माती भुरभुरवतात आणि सगळे पेटवून देतात. याला राब भाजणे म्हणतात. त्या आगीत मातीतले कोणते जीव तगतात आणि कोणते मरतात, हे मला मोजायचे होते.

राब सकाळी लवकर, वारा पडलेला असताना भाजतात. मला मात्र तीन वेगवेगळ्या खोलींवर तारा पुरायच्या होत्या आणि त्यातली एक पुन्हापुन्हा चुकीचा आकडा दाखवत होती.

"काकी, थांब ना थोडं."

"तुझ्या कालेजाला कळव गो, वारा थांबत नाय म्हनून," काकी म्हणाली, आणि माझ्यासाठी थांबली.

दहा वाजून गेल्यावर तिने काडी लावली. वाऱ्याच्या उलट दिशेनेच लावली, जशी ती तीस वर्षे लावत आली होती. पाचेक मिनिटांत वारा फिरला. ज्वाळेची एक जीभ बांधावर आली, काकीचा नायलॉनचा पदर तिला लागला आणि काकीने तो उजव्या मुठीत चुरगाळून विझवायचा प्रयत्न केला. वितळलेले कापड मुठीत चिकटले. भाजल्यावर काय करावे याचे प्रशिक्षण मी घेतलेले होते, त्याचे प्रमाणपत्रही माझ्याकडे आहे. मी उभी राहिले. शेजारच्या राबावरून आत्या धावत आली आणि तिने काकीच्या अंगावर ओले गोणपाट टाकले. आत्या म्हणजे आमची नात्यातली कोणी नव्हे. सारा गाव तिला आत्या म्हणतो.

शहापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की कातडी येईल, परंतु बोटे रोज वाकवली नाहीत तर ती जागच्या जागी आखडतील. एकदा आखडली की शस्त्रक्रियेवाचून सुटणार नाहीत. दुखेल, तरी वाकवायची. काकीने एकच प्रश्न विचारला.

"आवनीपरेंत व्हईल?"

आवणी म्हणजे भाताची लावणी. डावा हात रोपांची मूठ धरतो, तर उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे चार-पाच काड्या वेगळ्या काढून चिखलात खोचतात. हे एका श्वासात दोनदा करणारी बाई म्हणून काकी आसपासच्या चार पाड्यांत प्रसिद्ध होती. आवणीला बायका ओळीने वाकतात आणि मागे सरकत जातात. ओळीत एखादी मागे पडली की दोन्ही बाजूंच्या बायका तिच्या मागची जागाही लावून टाकतात, आणि ती बाई हिरव्या रोपांच्या मधोमध, चिखलाच्या एवढ्याशा बेटावर अडकते. याला कोंडणे म्हणतात. कोंडलेल्या बाईला दिवसभर टोमणे सोसावे लागतात ते वेगळेच. काकीने आयुष्यात अनेकींना कोंडले होते, तिला कोणी कधीच कोंडले नव्हते. त्या हातावाचून ती कोण उरेल, हा प्रश्न तिने विचारला नाही. मलाही विचारण्याचे धैर्य झाले नाही.

दुसऱ्या आठवड्यात ओळीतल्या बायका काकीला भेटायला आल्या. आत्या पुढे होती. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय गो, हात भाजला का पाय? पडून काय र्‍हायलीस?"

मागून कोणीतरी म्हणाली, "औंदा हिच्या जाग्यावर म्हस उभी करू."

"म्हस बरी. ती निदान चिखलाला लाजायची नाय."

आणि त्या हसल्या. काकीने डोळे मिटून घेतले होते. जखमेवर पट्टी होती, पट्टीतून पाणी झिरपत होते आणि समोर पाच बायका हसत होत्या. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका तो थंड होता. "आत्या, तुम्ही सगळ्या बाहेर व्हा. इथे एक माणूस दुखण्यात आहे. असं बोलायचं असेल तर पुन्हा येऊ नका."

त्या गेल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत. मला त्याचे समाधान वाटले.

त्यानंतर मी घराची सूत्रे हाती घेतली. प्रोत्साहन हा उपचाराचा भाग आहे असे मी वाचले होते, म्हणून मी ते पद्धतशीरपणे द्यायला लागले. कंपासपेटीतल्या कोनमापकाने मी रोज प्रत्येक बोटाचा बाक मोजत असे आणि भिंतीवर आलेख चढवत असे. आलेखाभोवती ठळक अक्षरांत लिहिलेले कागद होते. 'तू हे करू शकतेस.' 'आजचा दिवस कालच्यापेक्षा चांगला आहे.' 'आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत.' काकी चौथीपर्यंत शिकलेली. ती ते कागद एकेक अक्षर जुळवून वाचायची आणि मान फिरवायची. काकांनाही मी बजावले होते की तिच्याशी चढ्या आवाजात बोलायचे नाही. तीस वर्षे तिच्याशी चहाच्या साखरेवरून भांडणारे काका आता "तुला हवं तसं कर हं" असे म्हणू लागले.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ते कागद मी माझ्यासाठीही लिहिले होते. 'आजचा दिवस कालच्यापेक्षा चांगला आहे' हे वाक्य सकाळी डोळे उघडताच समोर दिसले की राबाचा दिवस एक दिवसाने मागे गेला असे वाटायचे.

पहिले पंधरा दिवस आलेख चढला. मग तो सपाट झाला, आणि मेच्या अखेरीस चक्क उतरू लागला. जखम भरत होती, तरी बोटे आखडत होती. काकी मी घरात असताना व्यायाम करायची आणि पाठ वळताच हात मांडीवर ठेवून बसायची. मी कागदांवरची अक्षरे आणखी मोठी केली.

एके दुपारी मी मुरबाडहून परतले तर ओसरीवर काकीचा भाऊ बसला होता. तो धसईला राहतो, वर्षातून एकदा, भाऊबीजेला येतो. त्याच्या मांडीवर काकीचा विळा होता आणि आवणीच्या पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचा तिचा निळा प्लास्टिकचा कागद नीट घडी करून पिशवीत घातलेला होता.

"बहिनीनं बोलावून दिलं," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या सुनेसाठी."

मी आत गेले. "काकी, हे काय? आवणीला महिनासुद्धा राहिलेला नाही."

काकीने नजर माझ्यावर रोखली. "तू शिकलेली हायस. मला फशिवनार नायस असं वाटलं व्हतं."

"कशाबद्दल फसवलं?"

"डाक्तर काय बोलला ते सांग. हात कापायचा ना?"

"कोण म्हणालं असं?"

"कोन कशाला म्हनंल? मला काय दिसत नाय? तुझा काका गोड बोलतोय. तू भित्तीवर गोड लिवतेस. आत्या फिरकत नाय. माझी आय जायच्या आदी आठ दिस घरात सगळी अशीच गोड बोलत व्हती. आमी तुझ्यासंगं हाय, असंच बोलत व्हती." तिने भिंतीवरच्या त्याच कागदाकडे बोट केले. ते बोट सरळ होत नव्हते.

मी प्रयोगशाळेत शिकले आहे. एखाद्या जंतूवर औषध टाकले आणि तो वाढला, तर औषधाचा दोष मानायचा, जंतूला समजावत बसायचे नाही. तरीही तिच्या शब्दांचा अर्थ मला तो कागद पुन्हा वाचल्यावरच पूर्ण उमजला. महिनाभर रोज, न चुकता, मी या बाईला ती मरणार असल्याचे सांगत होते.

मी कागद काढायला लागले. "आता काढू नको," ती म्हणाली. "आता कळलं मला."

तिचा भाऊ जाण्याआधीच मी आत्याच्या घरी पोहोचले. ती अंगणात वाल पाखडत होती. मी सगळे सांगितले आणि तिला घरी येण्याची विनंती केली.

"मी नाय येत," ती म्हणाली. "तू हाकललंस. त्या दिशी मला तुमी म्हनालीस."

"चुकलं माझं, आत्या."

"तुझ्या काकीला बोलायचं तर मला पगार देशील काय?" सूप थांबले नाही. "चार बोटं वाकत्यात तिची. करंगळी नाय वाकत. परवा अंगठा लागत व्हता पयल्या बोटाला, काल नाय लागला."

मी चकित होऊन विचारले, "तुला कसं माहीत?"

"तुझा काका रोज येऊन सांगतोय ना. मीच इचारत्यं."

मग मी तिला ते सांगितले जे कोणालाही सांगितले नव्हते: राब सकाळी भाजायचा होता, उशीर माझ्या तारांमुळे झाला. आत्याने सूप खाली ठेवले, त्यातला एक खडा वेचला आणि फेकून दिला.

"माहीत हाय. समद्या गावाला माहीत हाय."

"मग कोणी मला काही बोललं का नाही?"

"तुला काय बोलायचं? तू काय आमच्या वळीत हायस? सुट्टीला येतेस, तारा लावतेस, जातेस. पावनीला कोन बोलतंय?"

यात टोमणा नव्हता, ती वस्तुस्थिती सांगत होती. दोन महिने मी त्या मौनाला क्षमा समजत होते. मी एवढेच विचारले, "येशील?"

ती संध्याकाळी आली. एकटी आली, आणि ओसरीवर अजून बसलेल्या भावाच्या पिशवीतला निळा कागद उचलून तिने तो माझ्या डोक्यावर टाकला.

"भावाला आहेर देतेस व्हय गो? लई श्रीमंत झालीस? आनि आवनीला काय डोक्यावर पातेरा घेनारेस?"

काकीने तोंड भिंतीकडे फिरवले.

"नको येऊस. बरंच हाय. या बारीला मीच पयली. तू बांधावर बस आनि आमाला च्या करून दे. च्या तरी येतोय का त्या हातानं?"

"तुझ्या आवनीला रोपं उलटी लागत्यात," काकी म्हणाली. महिन्याभरात तिच्या तोंडून निघालेले हे पहिले धारदार वाक्य होते.

"लागू देत. लागत्यात तरी. तू मूठ दाव."

काकीने हात पुढे केला. तिचा चेहरा वेदनेने वाकडा झाला, कपाळावर घाम आला. मी नकळत पुढे सरकले तशी आत्याने कोपराने मला मागे लोटले. बोटे आत वळत गेली, थांबली, पुन्हा वळली. करंगळी तशीच बाहेर राहिली. ती मूठ आत्याच्या नाकासमोर धरून काकी म्हणाली, "ही बघ. खातेस?"

त्यानंतर आत्या रोज आली. मी कोनमापक कंपासपेटीत परत ठेवला. आलेखाच्या शिस्तीने सांगायचे तर सुधारणा माझ्या कागदांच्या काळापेक्षा वेगाने झाली. तिचे कारण टोमणे, वेळ की भरलेली जखम, हे एकाच हातावरून सिद्ध करता येत नाही. काका पुन्हा साखरेवरून भांडू लागले, याची नोंद मात्र मी केली.

जुलैत आवणी लागली. काकी ओळीच्या कडेला उभी राहिली, तिची हक्काची मधली जागा तिने आत्याला दिली. मी तिच्या शेजारी उतरले. गेल्या सहा वर्षांत मी चिखलात पाय घातला नव्हता. काकीचा वेग निम्मा होता. अंगठा आणि पहिले बोट काम करत होते, करंगळी एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखी बाजूला ताठ उभी होती. तासाभरात ती हातभर मागे पडली. मला वाटले, आता आत्या तिला कोंडणार. आत्या खरोखरच माझ्या मागून तिच्या बाजूला सरकली. तिने काकीच्या मागे दोन मुठी लावल्या. काकीने शिवी हासडली, दात खाऊन बोटे चालवली आणि कोंडी पुरी होण्याआधी जेमतेम निसटली.

त्या गडबडीत माझ्याकडे कोणाचे लक्ष नाही असे मला वाटत होते. मी मान वर केली तेव्हा माझ्या चारही बाजूंना हिरवी रोपे होती.

"अगो, कोंडली!" कोणीतरी ओरडले.

काकी सरळ उभी राहिली. तिने चिखलाने माखलेला उजवा हात कमरेवर ठेवला, आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता कशी गो? लाव तुझी तार चिखलाला. बघ किती ताप आलाय. नायतर वाऱ्याला सांग, थांब म्हनून!"

राबाविषयी ती पहिल्यांदाच बोलली होती. बायका हसून हसून वाकल्या. मी त्या एवढ्याशा बेटावर घोट्यापर्यंत चिखलात उभी होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला कोरडा हात नव्हता.

"रडतेस काय?" आत्या म्हणाली. "लाव. आमी थांबनार नाय."

मी वाकले आणि रोपांची पुढची मूठ सोडली.