वस्तूचं वर्णन

दुपारी सव्वातीनला फोन आला तेव्हा मी पिंपरीत, आमच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. ज्याचा फोन होता त्याची बायको माझ्या शेजारीच होती. औषधं सुरू करण्याआधी लागणारी तिच्या हृदयाची तपासणी नुकतीच आटोपली होती.

"मॅडम, कंपनीच्या गेटवर आडवलंय," तो म्हणाला. "ब्लॉक बाहेर नेऊ देत न्हाईत."

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तिच्या गाठीचा तुकडा. प्लॅस्टिकची चौकट, वर नंबर. बायोप्सी चाकणला झालेली, त्यामुळे ब्लॉकही तिथल्याच लॅबकडे होता. औषधं कुठली द्यायची हे आमच्याकडच्या तपासणीवरून ठरणार होतं, आणि ती तपासणी आठवड्यातून एकदाच लावतात. पाचच्या आत ब्लॉक आला नाही तर थेट पुढचा आठवडा. आधीच दीड महिना इकडून तिकडे फिरण्यात गेला होता.

कॅन्सरच्या पेशंटला या खिडकीवरून त्या खिडकीवर, या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे नीट पोचवायचं, हे माझं काम. पेशंट नेव्हिगेटर असं भारदस्त नाव आहे. लोक 'फायलीवाल्या मॅडम' म्हणतात. आणि या वेळचा घोळ माझ्याच सल्ल्याने झाला होता. तो चाकणच्याच एका कंपनीत कंत्राटी कामगार, खाडा केला तर ठेकेदार कटकट करणार. म्हणून मीच शहाणपणा शिकवला होता, की आदल्या संध्याकाळी लॅबमधून ब्लॉक घ्या, बॅगेत ठेवा, पहिली शिफ्ट करून सरळ इकडे या. या नोकरीआधी मी सहा वर्षं भोसरीच्या एका कंपनीत स्टोअरला बसून गेटपास फाडलेत. आत येताना नोंद नसलेली नंबरवाली वस्तू बाहेर सोडत नाहीत, हे मला कळायला नको? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"सिक्युरिटीवाल्यांना द्या फोन."

"मॅडम, ह्यो म्हनतो पार्ट हाय," गेटवरचे काका म्हणाले. "पार्ट हाय तर गेटपास पायजे. आन् सुपरवायझर तर गेला."

पार्ट! मी कपाळाला हात लावला. पण लगेच उमगलं. कंपनीत त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही बजावलं होतं, "कुठं बोलू नका मॅडम. ह्यो लई सुट्ट्या घेईल म्हणून घरी बसवतील." मागे शिफ्ट सुटलेली, अख्खी रांग कान टवकारून उभी. घाबरून तोंडाला आलं ते बोलून गेला होता.

"काका, कामगारांच्या खाजगी वस्तूंचं रजिस्टर असेल ना? त्यात नोंद करा आणि सोडा त्यांना."

"हाय की. पन वस्तूचं वर्णन लिवावं लागतं. काय लिवू?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी सांगितलं असतं तर तो तिथल्या तिथे सुटला असता. पण नोकरी त्याची होती, बायकोही त्याची. तीन पंचवीस झाले होते आणि चाकणच्या चौकातली गर्दी मला माहीत होती. मी फोन परत त्याला द्यायला सांगितला. "भाऊ, तुम्हालाच सांगावं लागेल. खरं काय ते."

माझा फोन स्पीकरवर होता. त्याच्या बायकोने माझा दंड घट्ट धरला होता.

"माझ्या बायकोची गाठ हाय ती," त्याचा आवाज आला. "छातीतली. कॅन्सर हाय तिला."

मग काका म्हणाले, "आरं, मग आधीच बोलायचं ना, भावा. कर सही. पळ."

पुढचा दीड तास मी जिन्यापाशी येरझारा घातल्या. लॅबवालीला थांबायची दोनदा विनवणी केली. तिने दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, आणि दुसऱ्या वेळी मी तिच्यावर खेकसले. बायको मात्र बाकावरून हलली नाही.

पाचला सात मिनिटं कमी असताना तो आला. डोक्यावर गाडीचं हेल्मेट तसंच, ब्लॉक शर्टाच्या खिशात, वरून हात दाबलेला. लॅबवालीने नंबर ताडून पाहिला आणि शिक्का मारला. मला रडूच फुटलं.

तो बायकोशेजारी टेकला. "उद्या कामावर घेत्यात का न्हाई, काय माहीत. समद्यांसमोर बोलावं लागलं."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "दीड महिना झाला, घरात एकदाबी बोलला न्हाईत. आज पहिल्यांदा ऐकलं तुमच्या तोंडून."

त्याने हेल्मेट काढायला हात वर नेला, आणि काढायच्या ऐवजी काच खाली ओढून घेतली.